लिलाव, इजारा आणि संगनमत



उमरखेड-पुसदच्या बाजूला काही गावांच्या नावापुढे 'इजारा' हा शब्द जोडलेला आढळतो. सातबाऱ्यावर तो असतो, शाळेच्या दाखल्यावर असतो; पण तो तिथे कसा आला, हे गावातल्या मुलाला विचारले तर बहुधा सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी अमलाखालच्या वऱ्हाडात ओसाड पडलेली गावे पुन्हा लागवडीस यावीत म्हणून सरकारने ती मुदतीच्या पट्ट्याने एकेका इसमाला दिली. तो इजारदार. पुढे गाव वसले, इजारदार गेला, शब्द मात्र राहिला.

असे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत. इजारा, मक्ता, ठेका, गुत्ता, कंत्राट. पैनगंगेच्या अलीकडे आपण 'ठेकेदार' म्हणतो. नदी ओलांडून हदगावच्या बाजूला गेलात की तोच माणूस 'गुत्तेदार' होतो, कारण तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 'हर्रास' उर्दूतून आला, 'लिलाव' पोर्तुगीजांकडून आला. आणि 'मक्ता' म्हणजे ठरीव रकमेवर घेतलेला हक्क. त्यावरून 'मक्तेदारी', म्हणजे दुसऱ्या कोणालाही वाव नसणे, हा शब्द झाला. बोली बोलून हक्क घ्यायचा आणि मग आपल्याखेरीज कोणी उरू द्यायचा नाही, एवढा सारा इतिहास त्या एका शब्दात साठलेला आहे.

आजचे भाषण आहे ते याच व्यवहारातल्या एका जुन्या लबाडीवर. लिलावात किंवा निविदेत जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे असतात, तेच आतून एक झालेले असतात, ती ही लबाडी. वर्तमानपत्रे तिला 'रिंग' म्हणतात. कायदा तिला बोलीतील संगनमत म्हणतो. आपल्या खेड्यात तिला 'साटेलोटे' म्हणतात. साटेलोटे म्हणजे याची मुलगी त्याच्या घरी, त्याची याच्या घरी. लग्नात ते चालते. सार्वजनिक पैशाच्या व्यवहारात चालले, म्हणजे हुंडा सगळ्या गावाला भरावा लागतो.

आधी लिलाव कशासाठी असतो ते पाहू. वस्तूचा खरा भाव विकणाऱ्याला नेहमीच ठाऊक असतो असे नाही. ग्रामपंचायतीला तळ्यातल्या मासळीचा हक्क द्यायचा आहे. त्याचे मोल दहा हजार की पन्नास हजार, हे मासळीच्या धंद्यातल्या माणसाला कळते, सरपंचाला नाही. मग त्या धंद्यातली चार माणसे समोरासमोर उभी करायची आणि त्यांच्या चढाओढीतून भाव काढून घ्यायचा. काम करून घ्यायचे असेल तर उलट. तिथे सर्वांत कमी दर सांगणारा पुढे येतो. दोन्हीकडे पाया एकच. त्या चौघांना एकमेकांचे आकडे ठाऊक नसावेत आणि प्रत्येकाला दुसऱ्याची धास्ती असावी.

हा विचार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर किंवा शेत विकण्याची रीत सांगितली आहे. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग धनको यांना विचारावे. त्यानंतर शेजारच्या चाळीस कुटुंबांसमक्ष, त्या घरासमोर उभे राहून किंमत पुकारावी. एकदा नव्हे, तीनदा. आजही आपल्या लिलावात 'एकवार, दोनवार, तीनवार' म्हणतात, ते आठवा. चढाओढीने किंमत वाढली तर ती वाढ राजाच्या खजिन्यात जावी, असेही तिथे म्हटले आहे. आणि त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी, व्यापाऱ्यांनी एकजूट करून माल अडवला किंवा गैरभावाने विकला तर त्यांना १००० पण दंड सांगितला आहे. म्हणजे लिलाव आणि त्यात होणारी लबाडी, दोन्ही त्या शास्त्रकाराला ठाऊक होती. त्यातली चाळीस कुटुंबे मात्र लक्षात ठेवा. भाषणाच्या शेवटी आपल्याला त्यांच्याकडे परत जायचे आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाने मामलती इजाऱ्याने देण्याचा सपाटा लावला. पेशवाई १८१८ साली बुडाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात तो सांगतो की, जिल्हे पेशव्याच्या हुजऱ्यांमध्ये लिलावात निघत. त्यांना चढी बोली बोलण्यास उत्तेजन मिळे, आणि कोणी मागे राहिला तर त्याच्यावर खप्पामर्जी होई. वर ज्याने इजारा घेतला तो खाली तुकडे करून पोटइजारदारांना देई. ते पाटलाला गाठत, आणि पाटील रयतेला.

वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला राजा चंदूलाल यांचा कारभार चालू होता आणि दरबाराला पैशाची नड कायमची होती. वऱ्हाडचा बराचसा वसूल पुरणमल नावाच्या हैदराबादच्या बड्या सावकाराकडे इजाऱ्याने गेला. १८३९ साली इंग्रज रेसिडेंटच्या दडपणाने त्याला दूर केले आणि ते जिल्हे पेस्तनजी आणि कंपनी या पारशी व्यापाऱ्यांकडे सोपवले गेले. या पेस्तनजींनी खामगाव भागात कापूस दाबण्याचे पेच बसवले, शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या, आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावला. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण तेही टिकले नाहीत. १८४३ साली चंदूलाल पायउतार झाले तेव्हा राज्य दिवाळ्याच्या काठावर होते. नव्या कारभाऱ्यांनी पेस्तनजींकडून वऱ्हाड काढून घेतला. अखेर १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला.

या इतिहासात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इजाऱ्यात चढाओढ खोटी नव्हती. बोली खरोखर चढत होती, आणि तरी रयत भिकेला लागत होती. असे का? कारण विक्रीला काढलेली वस्तू होती रयतेकडून वसूल करण्याची सत्ता. जितकी बोली चढेल तितका रयतेच्या पाठीवरचा आसूड मोठा. म्हणून चढाओढ दिसली की लोकांचे भले झालेच, असे समजू नये. वस्तू कोणती आणि तिचा भार कोणावर, हे आधी पाहावे.

इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली, सारा बांधून दिला गेला आणि शेतसाऱ्याचा लिलाव थांबला. पण दारूची दुकाने, नदीवरच्या नावा, जंगलचा माल, सडका नि इमारतींची कामे ही लिलावाने किंवा निविदेनेच जात राहिली. आता दुखणे उलटे झाले. इथे चढाओढ लोकांच्या हिताची होती, आणि नेमकी इथेच ती बोलणाऱ्यांनी आपसात मिटवून टाकली.

बाजारातला एक दाखला पाहा. पूर्वी धान्याचा आणि कापसाचा सौदा रुमालाखाली होत असे. अडत्या नि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून तोंडाकडे बघत असे. याला हत्ता पद्धत म्हणत. आपल्या वऱ्हाडात कारंजाला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. पुढे बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला. रुमाल गेला ही मोठी गोष्ट झाली. पण उघड्यावर बोलणारे पाच व्यापारी सकाळीच चहा पिताना भाव ठरवून आले असतील, तर रुमाल गेला काय नि राहिला काय!

ही लबाडी चालते कशी? समजा, गावात शाळेच्या दोन खोल्या बांधायच्या आहेत. सामान, मजुरी आणि ठेकेदाराचा रास्त नफा धरून काम ९ लाखांत होण्यासारखे आहे. तिघांच्या निविदा येतात: ११ लाख, ११ लाख ४० हजार, ११ लाख ७५ हजार. सर्वांत कमी ११ लाखांची. ती मंजूर होते. कागद चोख आहे, तीन निविदा आहेत, नियम पाळला आहे. पण वरचे दोन आकडे पहिल्यानेच सांगितलेले असतात. ते दोघे हरण्यासाठीच आलेले असतात. गावाचे २ लाख रुपये गेले, आणि कोणी घर फोडले नाही.

हरणाऱ्याला काय मिळते? कधी पुढच्या कामाची पाळी: 'यंदा तू, पुढल्या साली मी.' कधी त्याच कामातला तुकडा पोटठेक्याने मिळतो. कधी रोख. कधी तालुका वाटून घेतात. नदीकाठची गावे याची, डोंगराकडची त्याची, आणि एकमेकांच्या हद्दीत कोणी पाऊल टाकत नाही. कधी एखादा निविदा भरतो आणि ऐनवेळी काही खुसपट काढून मागे घेतो. आणि बाहेरचा कोणी खरोखरच स्वस्त दराने आला तर त्याला समजावणी दिली जाते. ती कशी, ते आपण जाणताच.

हे दुखणे आपल्याच मातीतले आहे असे मात्र मानू नका. अमेरिकेत १८९४ च्या सुमारास बिडाचे नळ ओतणाऱ्या सहा कारखान्यांनी टोळी केली. गावोगावच्या नगरपालिका पाण्यासाठी नळ घेत. काही शहरे या कारखान्यांनी आपसात वाटून टाकली. बाकीच्यांसाठी ते आधी स्वतःच एक गुप्त लिलाव करत. जो आपल्या सोबत्यांना वाटण्यासाठी सर्वांत जास्त रक्कम देऊ करील त्याला काम ठरे. मग बाकीचे पाचजण मुद्दाम चढे दर भरून निविदेची शोभा करत. म्हणजे लिलाव होत होता, पण नगरपालिकेच्या दारात नव्हे, टोळीच्या बैठकीत. आणि चढाओढीचा जो लाभ लोकांना मिळायचा तो ते आपसात वाटून घेत. तिथला मक्तेदारीविरोधी कायदा १८९० सालचा. त्याखाली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८९९ साली ही टोळी बेकायदा ठरवली. पुढे अटलांटा शहराने आपल्याला नळ महाग पडले म्हणून दावा लावला आणि १९०६ साली नुकसानीच्या तिप्पट भरपाईवर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटवून घेतली. एका शहराने आपला तोटा वसूल करून दाखवला!

आपल्याकडे कायदा या गोष्टीकडे फार काळ निराळ्या नजरेने पाहत होता. १८७२ चा कराराचा कायदा होता. पण लिलावात एकमेकांविरुद्ध बोलायचे नाही असा दोघांनी करार केला, एवढ्यावरून तो बेकायदा होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८९३ साली दिला होता. दोन माणसांनी गप्प राहायचे ठरवले तर त्यांना बोलायला कोण लावणार, असा तो विचार. खाजगी व्यवहारात तो काही अंशी पटतोही. परंतु विकणारे सरकार असते तेव्हा त्या गप्प राहण्याची किंमत जनता भरते, हे त्यात सुटून जाते.

१९६९ साली मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारप्रथा यांविषयीचा कायदा झाला. ठरवून घेतलेल्या भावानेच निविदा भरण्याचे करार त्याच्या कक्षेत आले. पण त्या आयोगाचा मुख्य अधिकार 'हे थांबवा' असे सांगण्यापुरताच होता. खरी कलाटणी मिळाली ती २००२ च्या स्पर्धा अधिनियमाने. बोलीतल्या संगनमताचे त्यात नाव घेऊन बंदी आहे, भारी दंड आहे, आणि टोळीतला जो आधी येऊन खरे सांगेल त्याला दंडात सूट आहे. चोरांच्या एकजुटीतला दुवा तोडण्याची ही युक्ती. कायदा २००२ चा असला तरी ही कलमे अमलात आली ती २० मे २००९ रोजी. ही तारीख महत्त्वाची आहे. का, ते पुढच्या खटल्यात दिसेल.

धान्याला कीड लागू नये म्हणून कोठारात ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवतात त्या शेतकऱ्याला ठाऊक आहेत. भारतीय अन्न महामंडळ या गोळ्या टनांनी घेते. ८ मे २००९ पर्यंत भरायच्या निविदेत तीन कंपन्यांनी दर भरला: किलोला ३८८ रुपये, ३८८ रुपये आणि ३८८ रुपये. तिघांचे कारखाने वेगळ्या जागी, तिघांचा उत्पादनखर्च वेगळा, पण दर पैशापर्यंत एक. मागची निविदापत्रे काढली तर त्यांतही असेच जुळे आकडे. महामंडळाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कंपन्यांचा एक बचाव असा की, आम्ही निविदा भरली ८ मेला, कायदा लागू झाला २० मेला. मग आम्हाला कायदा कसा लावता? परंतु दराची पाकिटे उघडली गेली आणि भावाची घासाघीस झाली ती जून महिन्यात. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१७ रोजी निर्णय देताना कंपन्यांना दोषी धरणे कायम केले. दंडाची रक्कम मात्र खाली आली होती. आयोगाने तिघांना मिळून सुमारे ३१८ कोटी रुपये दंड केला होता. अपिलात तो त्या गोळ्यांच्या उलाढालीपुरता मोजला गेला आणि १० कोटींच्या आसपास राहिला.

आता याच्या उलट बाजूचा खटला. घरोघरी असणारा १४.२ किलोचा गॅसचा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलने २०१० साली अशा १०५ लाख सिलिंडरांसाठी निविदा मागवली. ३ मार्चला दर भरायचे होते, आणि १ व २ मार्चला सिलिंडर बनवणाऱ्या कंपन्यांची मंडळी मुंबईत एका हॉटेलात जमली होती. दर पुष्कळसे सारखे आले. आयोगाने २०१२ साली ४५ कंपन्यांना दंड ठोठावला. पण सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे असे की, या मालाला गिऱ्हाईक म्हणजे तीन सरकारी तेलकंपन्याच. मागचे दर सर्वांना माहीत. अशा बाजारात न ठरवताही आकडे जवळ येऊ शकतात. सारखे दर ही संशयाची जागा आहे, पण तेवढ्याने गुन्हा शाबीत होत नाही.

हे दोन खटले शिक्षकबंधूंनी शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. गावातल्या दोन ठेकेदारांचे आकडे जुळले म्हणून त्यांना लगेच चोर म्हणू नये. आणि ते वर्षानुवर्षे जुळत राहिले, कागदांवर एकाच हाताच्या खुणा दिसल्या, तर केवळ योगायोग म्हणून सोडूनही देऊ नये.

महाराष्ट्रातले एक प्रकरण तर नागरिकांनीच उघडकीस आणले. पुणे महानगरपालिकेने डिसेंबर २०१४ ते मार्च २०१५ या काळात कचऱ्यावर प्रक्रिया करणारी यंत्रे बसवण्यासाठी निविदा काढल्या. नागरिक चेतना मंच या संस्थेला त्यात काळेबेरे वाटले आणि तिने आयोगाकडे माहिती दिली. चौकशीत असे दिसले की, काही निविदा केवळ आकडा भरण्यासाठी, ज्याला काम मिळायचे त्याच्या सोयीने भरल्या गेल्या होत्या. त्यांतल्या काहींचा कचऱ्याच्या धंद्याशी संबंधही नव्हता. चौकशी चालू असताना काही कंपन्यांनी स्वतः पुढे येऊन कबुली दिली. १ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनीच, आयोगाने निकाल देऊन दंड केला आणि कबुली देणाऱ्यांना सूट दिली. निविदा संगणकावर भरल्या की लबाडी संपते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावे. यंत्र लिफाफा बंद ठेवते. माणसांची आदल्या रात्रीची बैठक ते बंद करू शकत नाही.

मग खेड्यातल्या माणसाने करायचे काय? आयोग दिल्लीत, न्यायालय दूर. पण कौटिल्याची चाळीस कुटुंबे गावातच आहेत. आज त्यांना ग्रामसभा म्हणतात. शाळेची खोली, पाण्याची टाकी, आठवडी बाजाराचा ठेका, तळ्यातली मासळी, वनहक्क मिळालेल्या गावी तेंदूपत्ता नि बांबू; या प्रत्येक गोष्टीत गावाचा पैसा बोलीवर चढतो. त्या वेळी चार प्रश्न विचारता येतात. निविदेची बातमी किती लोकांपर्यंत गेली? किती जण आले, आणि मागच्या पाच वर्षांत तेच आले काय? दरवेळी कोण जिंकले, कोण हरले, आणि हरलेला त्याच कामावर नंतर पोटठेक्याने दिसला काय? शेजारच्या तालुक्यात तेच काम कितीला झाले? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने हे कागद कोणालाही मागता येतात. त्यांत मग बारीक गोष्टी दिसू लागतात: दोन निविदांतली एकच चूक, एकाच बँकेतून एकाच दिवशी काढलेल्या बयाणा रकमा, एकच हस्ताक्षर, एकच पत्ता.

शिक्षकांनी हे गणित वर्गात घ्यावे, असे मला वाटते. नफातोट्याच्या उदाहरणांत आपण दूधवाल्याला पाणी घालायला लावतो. एकदा निविदाही घालून पाहावी. ९ लाखांचे काम ११ लाखांना गेले तर त्या फरकात वर्गासाठी किती बाके आली असती, हे सातवीच्या मुलाला काढता येते. ज्याला ते काढता आले, तो मोठा झाल्यावर ग्रामसभेत मुकाट बसणार नाही.

इजाऱ्याच्या काळात रयतेला विचारणारे कोणी नव्हते. बोली हैदराबादला लागे आणि भरपाई आपल्या शिवारात होई. आज बोली आपल्याच चावडीवर लागते. तीन वेळा पुकारा होतो तेव्हा पुकारणारा एक असतो, बोलणारे चार असतात. पण तो लिलाव खरा की खोटा, हे ऐकणाऱ्या चाळिसांवर ठरते. ते घरी बसले तर बोलणाऱ्या चौघांचे आपसात जमायला वेळ लागत नाही. ते हजर राहिले, मागचे आकडे वहीत लिहून घेऊन आले, तर अर्धी लबाडी तिथेच लाजेने थांबते. उरलेल्या अर्धीसाठी कायदा आहे.